रिपोर्टचं बटण, डेस्कवरची रांग: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

विषयाचं नाव भारदस्त आहे: मानवकेंद्री सुरक्षा व्यवस्थेचं गणिती प्रारूप. समोरची गोष्ट त्यामानाने साधी. ३,००० जणांची संस्था. प्रत्येकाच्या मेलमध्ये 'संशयास्पद मेल कळवा' असं बटण. बटण दाबलं की तो मेल तपासणी डेस्ककडे जातो. डेस्क तो बघून 'फिशिंग (फसवणुकीचा मेल) आहे' किंवा 'नाही' असं उलट कळवतं. व्यवस्थापनाचा प्रश्न: डेस्कवर माणूस वाढवायचा, की कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करायचा?

आधीच्या कुणीतरी केलेलं एक प्रारूप फाइलमध्ये मिळालं. ठोकळ्यांची साखळी आहे. घातक मेल आपोआप अडवणाऱ्या गाळणीचा ठोकळा, मग 'कर्मचारी' हा ठोकळा, मग डेस्क. प्रत्येकावर एक संभाव्यता, शेवटी सगळ्यांचा गुणाकार. कर्मचाऱ्याच्या ठोकळ्यावर ०.७ लिहिलंय. हा ०.७ कुठून आला याची नोंद नाही, पण माझी तक्रार ती नाही. गाळणीला तुम्ही कसं वागवता यावर गाळणीचा आकडा ठरत नाही. माणसाचा ठरतो. तीन वेळा कळवूनही उत्तर आलं नाही तर चौथ्यांदा कोण बटण दाबेल? म्हणजे ०.७ ला स्थिर प्राचल (एकदा ठरवलेला आकडा) म्हणून चालणार नाही, तो काळानुसार हलणारा चल म्हणून घ्यावा लागेल. मग त्याला हलवतं कोण, हे शोधायचं.

८ जानेवारी

वाचन. दोन कल्पना कामाच्या. एक, २००८ साली मांडलेलं 'अनुपालन बजेट': सुरक्षेसाठी जास्तीची मेहनत करायची माणसाची तयारी मर्यादित असते, आणि प्रत्येक नियम त्यातूनच खर्च होतो. दुसरी कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये केलेली मांडणी: सुरक्षेचे सल्ले लोक धुडकावतात तेव्हा पुष्कळदा त्यामागे साधा नफातोट्याचा हिशेब असतो. सल्ला पाळण्याचा खर्च रोजचा, फायदा क्वचितचा.

मांडणीसाठी स्थान, संसाधन आणि प्रक्रिया ही तिहेरी चौकट घेतोय. मेलबॉक्स आणि डेस्क ही स्थानं, तपासनिसांचा वेळ हे संसाधन, रिपोर्ट करणं आणि उत्तर देणं या प्रक्रिया. चौकटीतून उत्तर मिळत नाही, पण काय राहून गेलं ते लगेच दिसतं. इथे राहून गेलेली प्रक्रिया म्हणजे उत्तराची परतवाट.

१२ जानेवारी

पहिलं समीकरण. 'त' म्हणजे मेल कळवण्याची तयारी, ० ते १ मधली. सगळ्यांनी प्रत्येक संशयास्पद मेल कळवला तर दिवसाला १५० रिपोर्ट येतील असं धरलं. म्हणजे प्रत्यक्षात १५० × त. डेस्कची क्षमता दिवसाला १००.

तयारी बदलण्याचा वेग = क × (१ − त) × समाधान − ख × त

समाधान = १ ÷ (१ + थांबा ÷ सोशिकता)

'क' म्हणजे चांगल्या अनुभवाने तयारी किती वेगाने वाढते, 'ख' म्हणजे ती आपोआप किती वेगाने ओसरते. ०.४ आणि ०.१, दर कामकाजी दिवशी. सोशिकता अर्धा कामकाजी दिवस, म्हणजे ४ तास: इतका थांबा पडला की समाधान निम्म्यावर येतं. हे सगळे आकडे मी गोल धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. प्रत्येक नोंदीत हे पुन्हा लिहिणार नाही, पण वाचणाऱ्याने विसरू नये.

उत्तर तत्काळ मिळालं तर तयारी ०.८ वर स्थिरावते, म्हणजे दिवसाला १२० रिपोर्ट. डेस्कला झेपतात १००. गंमत इथेच सुरू होते.

१५ जानेवारी

थांबा काढायला नेहमीचं एम/एम/१ रांगेचं (अनियमित आवक, एकच खिडकी) सूत्र लावून पाहिलं: सरासरी वेळ = १ ÷ (क्षमता − आवक). आठ तासांचा दिवस, क्षमता १००. दिवसाला ८० रिपोर्ट आले तर उत्तर २४ मिनिटांत. ९० आले तर ४८ मिनिटं. ९५ ला ९६ मिनिटं, ९८ ला चार तास, ९९ ला अख्खा दिवस. रांगांचं काम केलेल्या कुणालाही हे तोंडपाठ असतं, तरी बैठकीत दाखवलं की लोक दचकतात.

आता हे समीकरणात घातलं. रिपोर्ट वाढले की थांबा वाढतो, थांबा वाढला की तयारी घटते, तयारी घटली की रिपोर्ट कमी. समतोल ९८.२ रिपोर्टवर येतो, थांबा साडेचार तासांना थोडा कमी.

मग क्षमता १० टक्के वाढवली. जुन्या प्रारूपाप्रमाणे रिपोर्ट तेवढेच राहिले असते तर थांबा ४१ मिनिटांवर यायला हवा. माझ्या प्रारूपात तो १४९ मिनिटांवर येतो, कारण उत्तरं लवकर मिळू लागली की दबलेली तयारी वर येते आणि रिपोर्ट १०६.८ होतात. डेस्कचा व्याप (आवक भागिले क्षमता) ९८ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर. माणूस वाढवला आणि डेस्क तितकंच गर्दीत. व्यवस्थापनाला हे 'पैसे वाया गेले' असं दिसेल. प्रत्यक्षात दिवसाला साडेआठ रिपोर्ट जास्त आले, आणि तेच तर हवे होते.

डेस्कप्रमुख मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आम्हाला हे माहीतच आहे. उपसलं की झरतं."

१९ जानेवारी

सहकाऱ्याचा प्रश्न: एम/एम/१ चं सूत्र स्थिरावलेल्या रांगेचं आहे, ती रांग स्थिरावायला वेळ किती लागतो? हा प्रश्न परीक्षेत विचारला जात नाही, पण प्रारूपाचं भवितव्य त्यावर ठरतं. स्थिरावण्याचा काळ साधारण १ ÷ (√क्षमता − √आवक)². क्षमता १००, आवक ९८.२ असताना तो निघतो सुमारे १२२ दिवस. तयारी ओसरते दहा दिवसांच्या हिशेबाने. जी गोष्ट दहा दिवसांत हलते तिच्यासमोर १२२ दिवसांनी खरी ठरणारी सरासरी ठेवून चालणार नाही.

१५ तारखेच्या आकड्यांची दिशा बरोबर आहे, पण गतीबद्दल त्यांना काही विचारू नये. रांग स्वतःच चल म्हणून घ्यायची:

रांग बदलण्याचा वेग = १५० × त − १००

थांबा = रांग ÷ १००

आवकेतली यादृच्छिक चढउतार यात गळून पडते, पण काठोकाठ भरलेल्या डेस्कसाठी हे प्रारूप जास्त प्रामाणिक आहे.

२२ जानेवारी

आजचा दिवस कामी आला.

नव्या जोडीचा समतोल हाताने निघतो. रांग स्थिर राहायची तर त = १००÷१५०, म्हणजे दोन तृतीयांश. ती तयारी टिकायला थांबा बरोबर अर्धा दिवस, रांगेत ५० रिपोर्ट. समतोलाभोवती रेषीय केलं तर लाक्षणिक समीकरण (धक्क्यानंतर व्यवस्था कशी परतते ते सांगणारं) सुटसुटीत येतं: स² + ०.३ स + ०.१ = ०. मुळं संमिश्र. म्हणजे धक्का बसला तर व्यवस्था सरळ परत येत नाही, डोलत येते. एका आंदोलनाला सुमारे २३ कामकाजी दिवस. अवमंदन (डोलणं विरत जाणं) मात्र इतकं जोरात की एकदा इकडेतिकडे झालं की शांत.

डेस्कवाले तर सांगतात की इथे महिनोन्‌महिने लाट येते. काही आठवडे पूर, मग ओहोटी. मग काय सुटलं?

सुटलं ते हे: आजच्या थांब्याची जाणीव कर्मचाऱ्याला आज होत नाही. त्याला आठवतो तो त्याच्या मागच्या रिपोर्टचा अनुभव. ही जाणीव ठराविक दिवस जुनी असते असं धरलं, तर ३.४ दिवसांपलीकडे आंदोलन थांबतच नाही. पण प्रत्येकाचा अनुभव सारखाच जुना नसतो. कुणी काल कळवलंय, कुणी दोन महिन्यांपूर्वी. रिपोर्ट यादृच्छिकपणे होत असतील तर शेवटच्या अनुभवाचं वय घातांकी वितरणाने पसरतं: बहुतेकांचं कमी, थोड्यांचं खूप. तसं घातलं की समीकरण तिसऱ्या घाताचं होतं, आणि राउथच्या कसोटीने (समीकरणाच्या सहगुणकांवरून स्थैर्य ओळखण्याची रीत) स्थैर्याची अट निघते: अनुभवाचं सरासरी वय ३० दिवसांपेक्षा कमी हवं.

पसरलेला विलंब एकगठ्ठा विलंबापेक्षा कितीतरी सौम्य, हे आधीपासून ठाऊक होतं. ३.४ आणि ३० इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. जाणिवेचा विलंब 'सरासरी अमुक दिवस' म्हणून एका आकड्यात घातला असता तर निष्कर्ष पार उलटा आला असता.

आता इथला प्रत्यक्ष आकडा: ३,००० माणसं, दिवसाला १०० रिपोर्ट. एका माणसाची पाळी सरासरी ३० दिवसांनी. नेमकं काठावर! आकडे मीच गोल घेतलेत, तेव्हा या योगायोगावर इमले बांधण्यात अर्थ नाही. पण काठाच्या आसपास असलेली व्यवस्था लहानसहान धक्क्यांनी सतत डोलत राहते, आणि त्या आंदोलनाचा काळ साठेक कामकाजी दिवसांचा येतो. डेस्कवाल्यांची लाट याच मापाची आहे.

२३ जानेवारी

कोड पुन्हा तपासला. काही नवीन नाही.

२९ जानेवारी

तपासनिसाकडे वळलो. कर्मचारी चल झाला, मग तपासनीस स्थिर का?

संकेत-ओळखीचा सिद्धांत इथे चपखल बसतो. दोन आकडे: खरा आणि खोटा धोका वेगळा ओळखण्याची भेदक्षमता, आणि 'होय' म्हणण्याचा उंबरठा. भेदक्षमता २ धरली. दहा रिपोर्टांत एक खरा असेल आणि तपासनिसाला एकूण चुका कमीत कमी करायच्या असतील, तर गणिताने योग्य उंबरठा इतका वर जातो की खऱ्या धोक्यांपैकी फक्त ४६ टक्के पकडले जातात. निम्म्याहून अधिक निसटतात, तेही तपासनीस पूर्ण जागा आणि हुशार असताना. निम्मे रिपोर्ट खरे असते तर त्याच माणसाने ८४ टक्के पकडले असते.

खरी माणसं उंबरठा इतका टोकाला नेत नाहीत, पण दिशा तीच. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलेलं: शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती ७ टक्के वेळा निसटली, एक टक्का चित्रांतच असताना ३० टक्के. विमानतळावर सामानाच्या एक्स-रेमध्ये अधूनमधून खोट्या शस्त्राची प्रतिमा घुसवतात, त्यामागचा एक हेतू हाच. (थकव्याचा मुद्दा वेगळा. पहारा अर्ध्या तासातच ढिला पडतो हे मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच दाखवलं. पाळ्या बदलून तो सुटतो. उंबरठा पाळ्यांनी सुटत नाही.)

आपल्याकडे तोच उपाय म्हणजे कवायती फिशिंग मेल, सरावासाठी आपणच पाठवलेले खोटे मेल. शंभर रिपोर्टांत दहा खऱ्यांच्या जोडीला दहा कवायती आले तर ११० मध्ये २० 'होय'. योग्य उंबरठा खाली येतो, पकड ४६ वरून ६० टक्क्यांवर. अट एकच: कवायती मेल डेस्कला आधी ओळखू येता कामा नये. सध्याची यंत्रणा कवायती रिपोर्ट आपोआप बाजूला काढते. तपासनिसाच्या नजरेला त्यांचा काही उपयोग नाही, कर्मचाऱ्याच्या तयारीतून मात्र त्यांची किंमत वसूल होते.

आणि हे जास्तीचे दहा रिपोर्ट नेमकी १० टक्के क्षमता खातात. जी क्षमता आपण १५ तारखेला थांबा कमी करायला वापरत होतो.

दुसरी वाट: निसटलेल्या धोक्याची किंमत खोट्या इशाऱ्याच्या दहापट आहे असं तपासनिसाला स्पष्ट सांगायचं, आणि खोट्या इशाऱ्यावरून त्याला कुणी बोलायचं नाही. तसं झालं तर पकड ८५ टक्क्यांपर्यंत जाते, खोटे इशारे १७ टक्के. या वाटेला पैसा लागत नाही, व्यवस्थापनाची सही लागते. कोणती गोष्ट आधी मिळेल सांगता येत नाही.

२ फेब्रुवारी

बैठक. अपेक्षित मागणी आलीच: "प्रत्येकाची तयारी मोजता ना, मग सगळ्यात कच्च्या शंभर जणांची यादी द्या."

नकार दिला. तात्त्विक कारण सांगत बसलो नाही, आकड्याचं सांगितलं. वर्षाला बारा कवायती मेल जातात असं धरा, आणि एकजण तीनदा फसला. त्याचं फसण्याचं खरं प्रमाण ९५ टक्के विश्वासाने ५ ते ५७ टक्क्यांच्या मधे कुठेही असू शकतं. या पट्ट्यात जवळजवळ सगळी संस्था बसते. अशी यादी पुढल्या वर्षी पुन्हा केली तर तीतली बरीच नावं आपसूक गळतील, आणि मधल्या काळात केलेल्या 'विशेष प्रशिक्षणाला' त्याचं श्रेय मिळेल.

प्रारूपातली तयारी ही समूहाची आहे. तिला एकेका माणसाच्या गळ्यात अडकवली की लोक रिपोर्ट करणं सोडून गुण सांभाळू लागतील, आणि मग 'ख' ची किंमत आपणच वाढवून ठेवू. हे मान्य झालं, पण मनापासून झालं असं वाटत नाही.

६ फेब्रुवारी

हल्लेखोर आतापर्यंत हवामानासारखा धरला होता. पण तो बघून चाल करतो. सुरक्षेच्या खेळांमध्ये हे नवीन नाही: लॉस एंजलिस विमानतळावर २००७ पासून तपासणी नाक्यांचं वेळापत्रक स्टॅकलबर्ग खेळाच्या (एकजण आधी चाल ठरवतो, दुसरा ती पाहून खेळतो) आधारे यादृच्छिक ठेवलं गेलं, कारण ठरलेला क्रम पाहणाऱ्याला पाठ होतो.

आपला ठरलेला क्रम म्हणजे 'आधी आलेला आधी'. हल्लेखोराने काय करावं? आधी संशयास्पद दिसणाऱ्या पण निरुपद्रवी मेलांचा पूर आणावा, डेस्कसमोर दोन दिवसांची रांग लावावी, आणि मग खरा मेल सोडावा. १९९ रिपोर्टांच्या रांगेत खऱ्या हल्ल्याचे ९ रिपोर्ट सगळ्यांत मागे. डेस्क पहिल्याला हात लावेल तेव्हा १९० तपासून झालेले असतील.

आता रांगेतून चिठ्ठी काढल्यासारखा कुठलाही रिपोर्ट उचलला तर? सरासरी थांबा बदलत नाही, क्रम बदलून तो बदलत नसतोच. पण ९ पैकी पहिला हाताला लागायला सरासरी २०० ÷ १० = २० रिपोर्ट पुरतात. एक सापडला की बाकीचे आठ एका झटक्यात मिटतात. हल्ला जितका पसरट, तितका लवकर सापडतो. एकाच माणसाला नेम धरून केलेल्या हल्ल्यावर हा उपाय काही करत नाही, ते स्वतंत्र लिहून ठेवलंय.

डेस्कवरच्यांचा आक्षेप रास्त होता: एखाद्या बिचाऱ्याची चिठ्ठी कधी निघणारच नाही. तेव्हा तडजोड: निम्मे यादृच्छिक, निम्मे जुन्यातले जुने.

१२ फेब्रुवारी

नव्या प्रारूपात १० टक्के जास्त क्षमता घालून पाहिली. थांबा २४० मिनिटांवरून १०९ वर. व्याप तसाच, डेस्क काठोकाठ. पण स्थैर्याची अट पाहिली तर ती नाहीशीच झाली: अनुभव कितीही जुना असो, आंदोलन टिकत नाही. क्षमता १०० असताना अवमंदनाचा वर्ग ०.०९ आणि प्रत्याभरणाचा (थांब्याच्या तयारीवरच्या उलट परिणामाचा) जोर ०.१०, ११० ला ०.१४१ आणि ०.१३८. फरक थोडा, पण वजाबाकीचं चिन्ह बदललं.

म्हणजे जास्तीच्या माणसाने डेस्कचा व्याप कमी होणार नाही, लाट थांबेल. अहवालात हे पहिल्या पानावर जाईल.

दुसरा उपाय जवळजवळ फुकटचा. दर आठवड्याला सगळ्यांना चार ओळी: किती रिपोर्ट आले, किती खरे निघाले, उत्तर सरासरी किती वेळात गेलं. अनुभवाचं वय ३० दिवसांवरून पाचेक दिवसांवर येतं आणि १०० क्षमतेतही व्यवस्था स्थिर होते. यात थांबा कमी होत नाही, तो अर्धा दिवसच राहतो. कुणी याला क्षमतेचा पर्याय म्हणून विकू नये.

१७ फेब्रुवारी

संवेदनशीलता तपासली. सगळ्यात जास्त गडबड करणारा प्राचल सोशिकता निघाला, आणि तोही मला अनपेक्षित दिशेने. सोशिकता एक दिवस धरली तर थांबाही एक दिवस, पण व्यवस्था कायम स्थिर. दोन तास धरली तर थांबा दोनच तास, आणि अनुभव पावणेतीन दिवसांहून जुना झाला की लाट. सोसणारी माणसं असली की रांग लांब आणि शांत. उतावळी असली की आखूड आणि डोलणारी. सीमारेषा साधारण साडेचार तासांवर. मी धरलेत चार.

तेव्हा क्षमतेचा निर्णय घेण्यापूर्वी हा एक आकडा मोजायलाच हवा. मुद्दाम काहींना उशिरा उत्तर देऊन पाहणं हा सगळ्यात स्वच्छ प्रयोग झाला असता, पण सुरक्षेचा रिपोर्ट मुद्दाम थांबवणं कुणालाही मान्य नाही, मलाही नाही.

पर्याय: डेस्क संध्याकाळी सहाला बंद होतं. बंद होण्याच्या जरा आधी, डेस्क मोकळं असताना आलेल्या रिपोर्टला त्याच दिवशी उत्तर मिळतं. जरा नंतर आलेल्याला दुसऱ्या दिवशी. पावणेसहाला आणि सव्वासहाला बटण दाबणारे लोक एकमेकांपेक्षा फारसे वेगळे नसावेत. दोन्ही गटांचा पुढचा रिपोर्ट किती दिवसांनी आला ते ताडून पाहायचं. रात्रभराचा थांबा कर्मचाऱ्याच्या मनात कामकाजी तासांतच मोजला जातो का, ही शंका आहे. म्हणून शुक्रवार वेगळा काढणार. नावं नकोत, सांकेतिक क्रमांक आणि वेळ पुरे. मागच्या वर्षाच्या नोंदी मागणारा अर्ज आज दिला.

१९ फेब्रुवारी

अर्ज मंजूर, एका अटीवर: सांकेतिक क्रमांकांची मूळ यादी डेस्ककडेच राहील. बरंच झालं. नोंदी सोमवारी येतील. तोवर आठवड्याच्या चार ओळींचा मसुदा डेस्कप्रमुखांकडे पाठवलाय. त्यांनी 'सरासरी वेळ' खोडून 'दहापैकी नऊ जणांना इतक्या वेळात' असं केलं. तसंच ठेवतोय.